आधी राहून बघा, मग ट्रॉफी द्या!

डोकं फिरतं अक्षरशः! आमच्या सोसायटीच्या लॉबीत काचेच्या कपाटात बिल्डरची ट्रॉफी आहे, 'सर्वोत्कृष्ट निवासी प्रकल्प'. त्याच कपाटामागच्या भिंतीला जुलैपासून ओल आलीय. पोपडे सुटून फरशीवर पडतात, वॉचमन रोज सकाळी झाडून काढतो. पाण्याला टँकर, भोगवटा प्रमाणपत्राचा पत्ता नाही. आणि हे बक्षीस मिळालं तेव्हा तिसरा स्लॅबसुद्धा पडला नव्हता! मग परीक्षकांनी पाहिलं काय? संगणकावरची चित्रं?

दरवर्षी तेच. शुल्क भरून अर्ज, पंचतारांकित हॉटेलात सोहळा, आठवड्यात चौकात होर्डिंग. लोक ते बघून वीस वीस वर्षांचं कर्ज काढतात हो!

पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांच्या इंदूरमधल्या अरण्य वसाहतीला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. गरिबांसाठी आखलेली वसाहत ती. जोतं, नळ, संडास तयार. बाकीचं घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. त्या पुरस्कारासाठी तज्ज्ञ प्रत्यक्ष जागेवर जाऊन इमारत तपासतात, लोक ती कशी वापरतात ते बघतात. मग आपल्याकडे एवढंही का होऊ नये?

दोन पावसाळे जाऊ द्या. मग या आणि आमच्या सहाव्या मजल्यावरच्या आजींना विचारा, लिफ्ट बंद असली की त्या दवाखान्यात कशा जातात ते.