आपटेच्या हातातली बॅट

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज दर दोन-चार महिन्यांनी फिरून येतो. परवा पुन्हा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘डोंबिवली फास्ट’ हा मराठी सिनेमा म्हणजे ‘फॉलिंग डाउन’ या अमेरिकन सिनेमाची फ्रेम टू फ्रेम कॉपी आहे. चोरीच्या मालाला राष्ट्रीय पुरस्कार दिला. तसाही तो मुंबईवाल्यांचा सिनेमा, बाकीच्यांना त्याचं काय? आणि असलं बघूनच पोरं कायदा हातात घ्यायला शिकतात. खाली सात अंगठे आणि एक ‘खरं’. (आमच्या बेळगावात ‘खरं’ म्हणजे ‘पण’सुद्धा होतो, म्हणून ते मत मी मोजलेलं नाही.)

कॉपीचं आधी बघू. 1993 चा ‘फॉलिंग डाउन’ जोएल शूमाकरचा, त्यात मायकेल डग्लस. 2005 चा ‘डोंबिवली फास्ट’ निशिकांत कामतचा, त्यात माधव आपटे झालेला संदीप कुलकर्णी. उसनवारी आहे, नाही कशाला म्हणायचं? दोन्हीकडे ऑफिसातला साधा माणूस, दोन्हीकडे थंड पेयाच्या दरावरून दुकानात राडा, दोन्हीकडे बॅट. खरं तो दुकानाचा प्रसंगच जरा नीट बघा. डग्लसचा फॉस्टर फोनसाठी सुट्टे मागायला दुकानात शिरतो. दुकानदार म्हणतो, आधी काहीतरी घ्या. कोकचा डबा 85 सेंटला, मग उरलेल्या पैशांत फोन होत नाही, आणि याचं डोकं फिरतं. तो दुकानदाराचीच बॅट हिसकावतो, सामान फोडतो आणि जाहीर करतो की भाव 1965 वर आणणार. दुकानदाराचा दर जास्त असेल, पण तो लावायचा त्याला हक्क होता. तिथे छापील कमाल किमतीचा नियमच नाही.

आपटेचं भांडण उलट आहे. बाटलीवर जेवढे छापलेत तेवढेच घे, वरचे कशाचे? एवढंच त्याचं म्हणणं, आणि छापील किमतीच्या वर घेणं आपल्याकडे कायद्यानेच गुन्हा. फॉस्टरला गेलेला जमाना परत पाहिजे, आपटेला आजचाच नियम पाळून पाहिजे. बॅट उसनी असेल, तक्रार इथली आहे.

बाकीचंही जुळत नाही. फॉस्टरची नोकरी गेलेली, घटस्फोट झालेला, बायकोकडे फिरकायला कोर्टाची मनाई. तरी तो पोरीच्या वाढदिवसाला ‘घरी’ निघालाय, आणि सगळा खेळ एका दिवसात आटोपतो. आपटेला नोकरी आहे, बायको अलका आहे, मुलं आहेत. त्याला कुठून हाकललेलं नाही. तीच लोकल, तीच बँक, परत तीच लोकल, हे कामत इतक्या वेळा दाखवतो की बघणाऱ्यालाच घाम फुटावा. फ्रेम टू फ्रेम म्हणणाऱ्याने दोन्हींतला एक तरी सिनेमा बघितलेला नाही, अशी मला दाट शंका आहे.

पुरस्काराचं फार बोलण्यासारखं नाही. तो 2005 चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. चोरी वरच्या मुद्द्यात सिद्ध झाली असती तर पुढे बोललो असतो.

मुंबईवाल्यांचा सिनेमा? मग 2007 साली तो तमिळमध्ये ‘एवनो ओरुवन’ म्हणून कसा झाला? दिग्दर्शक कामतच, आपटेच्या जागी माधवन. आणि चेन्नई कशाला, खानापूरहून रोज सकाळी बेळगावला कामाला येणाऱ्या माणसाला विचारा. लोकल नसेल त्याच्याकडे, जेवणाचा डबा तोच आहे आणि खिडकीपुढची रांगही. आमच्याकडे फक्त एक पायरी जास्त. मागे बाबांच्या जमिनीच्या उताऱ्यासाठी एका कार्यालयात गेलो होतो. उतारा कन्नडात, अर्जही कन्नडात. बाहेर झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ कार्बन पेपर घालून अर्ज भरून देत बसले होते. बाबांचं नाव त्यांनी दोनदा विचारलं, तरी शेवटी आडनावातला ‘ळ’ चुकला. मग नवा अर्ज, पुन्हा पैसे, पुन्हा रांगेच्या शेपटाला. डोंबिवलीचा आपटे निदान सरळ खिडकीशी जाऊन भांडतो. बेळगावचा आपटे आधी अर्ज लिहून देणारा शोधेल, मग चिडेल. हा सिनेमा आम्हाला कळत नाही म्हणणाऱ्याने एकदा त्या झाडाखाली बसून बघावं.

राहिलं पोरं बिघडण्याचं. हा मुद्दा मेसेजमधला सगळ्यात गंभीर, कारण असे सिनेमे दोन्ही तऱ्हेचे निघतात. ब्रायन गारफिल्डने 1972 मध्ये ‘डेथ विश’ ही कादंबरी लिहिली, ती कायदा हातात घेऊन बदला घेण्याच्या विरोधात. 1974 च्या सिनेमात तोच बदला घेणारा चार्ल्स ब्रॉन्सन जवळपास हिरो झाला. गारफिल्डला ते इतकं खटकलं की त्याने पुढच्याच वर्षी दुसरी कादंबरी लिहिली. म्हणजे गोष्ट तीच असली तरी दाखवणाऱ्यावर सगळं असतं. कामत काय दाखवतो? बॅट चालते तेव्हा टाळ्या घेतो. मीही शिट्टी मारली होती, खोटं कशाला बोलू. खरं त्यानंतर आपटेचं घर हातचं जातं, मागे लागलेला इन्स्पेक्टर अनासपुरे स्वतःच बेचैन होतो, आणि शेवटी लोकलच्या डब्यात आपटे संपतो. रांगा, टेबलं, टेबलाखालचे हात होते तसेच राहतात. हे बघून कुणाला बॅट घ्यावीशी वाटली, तर त्याने सिनेमा मध्यंतरातच सोडला असणार.

माझ्यावर काय परिणाम झाला तेही सांगतो. गेल्या मे महिन्यात बसस्टँडवर पाण्याची बाटली घेतली. छापील 20, दुकानदाराने मागितले 22. मी बाटली उलटी करून त्याला आकडा दाखवला. ‘कूलिंग री,’ तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आपटे डोळ्यांपुढे आला, शपथेवर सांगतो. कोल्हापूरची लाल गाडी फलाटाला लागली होती, कंडक्टर ‘निपाणी, निपाणी’ ओरडत होता. मी दोन रुपयाचं नाणं काऊंटरवर ठेवलं आणि जागा धरायला पळालो.