आईवडिलांचे खुबे पाहिलेत का?

भाच्याला जर्मन शेफर्डचं पिल्लू घ्यायचंय. त्याने मला पिल्लाच्या आईवडिलांची वंशावळ आणि बक्षिसांचे फोटो पाठवले. मी विचारलं, "त्यांच्या खुब्यांचे एक्स-रे?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "मामा, ब्रीडर म्हणतात, आजवर कुणी मागितलेच नाहीत."

मी ब्रिटनमध्ये राहतो. खुब्याचा सांधा सैल किंवा उथळ असण्याचा दोष (हिप डिसप्लेसिया) आईवडिलांकडून पिल्लात उतरू शकतो. म्हणून इथे माहीतगार माणूस पिल्लाचा रंग विचारण्याआधी आईवडिलांचा हिप स्कोअर, म्हणजे एक्स-रे पाहून खुब्यांना दिलेले गुण, विचारतो. आमच्या लॅब्रॅडॉर कुत्रीची वीण घ्यायची होती, तेव्हा आम्हीही तिची तपासणी केली. तिला गुंगी देऊन पाठीवर झोपवलं, मागचे पाय सरळ ताणले, गुडघे आत वळवले. पडद्यावर उजव्या मांडीच्या हाडाचा गोल माथा उखळीत घट्ट बसलेला दिसला. डावा मात्र बाहेर सरकलेला, आणि उखळही उथळ. तोवर ती एकदाही लंगडली नव्हती! एकेका खुब्याला नऊ निकषांवर 0 ते 53 गुण देतात, म्हणजे दोन्हींचे मिळून जास्तीत जास्त 106. गुण जितके कमी तितका खुबा चांगला. तिला 24 मिळाले, लॅब्रॅडॉरच्या मानाने जास्तच. वीण घेतली नाही. वाईट वाटलं, पण निर्णय बरोबर होता.

आपल्याकडे वाद रंगतात ते जातींवरून. 2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळ, राजापलायम या देशी कुत्र्यांची नावं घेतली आणि देशी की विदेशी हा वाद पेटला. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवर बंदी घालायला सांगणारं पत्र काढलं, तेव्हा कोणती जात धोकादायक यावर भांडणं झाली. देशी कुत्री मुळातच निरोगी असतात, असंही ठासून सांगितलं जातं. असतीलही, पण खुब्यांबद्दल हे एक्स-रे काढल्याशिवाय कसं कळणार?

पोलीस किंवा लष्कराच्या कुत्र्याला खुब्याचा हा दोष फार महागात पडतो. शिकवण्यात महिनोन्महिने जातात, आणि ऐन उमेदीत ते गाडीत उडी मारायला कचरू लागतं, पळताना सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकतं. दुखणं अंगावर काढत ते काम करत राहतं, हे मला सहन होत नाही.

ब्रिटनमध्येही सगळं आलबेल नाही. तपासणी ऐच्छिक आहे, आणि एक्स-रेची फिल्म खराब दिसली की ती गुण द्यायला पाठवतच नाहीत, असंही होतं. शिवाय हा दोष अनेक जनुकांचा, त्यामुळे चांगल्या खुब्यांच्या जोडीलाही खराब खुब्याचं पिल्लू होतं. म्हणून आईवडिलांबरोबर त्यांच्या भावंडांचे, आधीच्या पिल्लांचे गुणही पाहावे लागतात. म्हणून आईवडिलांबरोबर त्यांच्या भावंडांचे, आधीच्या पिल्लांचे गुणही पाहावे लागतात.

भारतात कुत्र्यांच्या पैदाशीच्या 2017 च्या नियमांनुसार 18 महिन्यांच्या आतल्या मादीची वीण घेता येत नाही. ब्रिटनमध्ये ही फिल्म वर्षाच्या कुत्र्याचीही चालते. म्हणजे वीण घेण्याआधीच फिल्म काढण्याचं वय झालेलं असतं. त्याच नियमात नर-मादी दोघांच्या फिल्मची अट घालावी, आणि सरकारी दलांनी तर आजपासूनच फिल्म पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नये. भाचा दुसरा ब्रीडर शोधतोय.