चुस्तिचचा जीव पासने नव्हे, भिंतीने घेतला

क्रोएशियाचा माजी गोलरक्षक दानियेल सुबाशिच याने दिलेल्या पासमागे धावताना त्याचा जिवलग मित्र ह्रवोये चुस्तिच मैदानातच मरण पावला, त्या अपराधाचे ओझे सुबाशिचने दहा वर्षे वाहिले आणि अखेर २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात मित्राच्या आत्म्यानेच त्याला प्रायश्चित्त मिळवून दिले, अशा आशयाचा मजकूर त्या विश्वचषकापासून समाजमाध्यमांवर फिरतो आहे. दर वेळी त्यात नवी भर पडते. आता मराठीत जो मजकूर आला आहे, त्यात चुस्तिच क्रोएशियाचा विख्यात खेळाडू लुका मॉड्रिच याच्याहून, म्हणजे ‘मॉड्रिचपेक्षाही मोठा’ झाला असता असे आहे, फिफाने (जागतिक फुटबॉल महासंघाने) सुबाशिचला जबर दंड ठोठावल्याचे आहे आणि शेवटी ‘एक चुकीचा पास आयुष्य संपवू शकतो’ असा उपदेशही आहे.

हा मजकूर माझ्यापर्यंत आला तो माझ्या भाच्याच्या फोनवरून. तो चौदा वर्षांचा आहे, कोल्हापुरात फुटबॉल खेळतो आणि गोलरक्षक आहे. त्यांच्या संघाच्या व्हॉट्सॲप गटावर कुणा मोठ्या माणसाने तो ‘प्रेरणादायी’ म्हणून टाकला होता. भाच्याने मला फोन करून विचारले, “मावशी, मी लांब टाकलेल्या चेंडूमागे धावताना कुणाला लागलं, तर ती माझी चूक का?” मुलाच्या मनात हा प्रश्न उभा करणाऱ्या लिखाणाला प्रेरणादायी म्हणणे मला मान्य नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी काय घडले ते पाहू. चुस्तिचचा जन्म १९८३ चा, आद्रियाटिक समुद्राच्या काठावरील झादार शहरातला. तो मध्यरक्षक होता आणि त्याची व्यावसायिक कारकीर्द क्रोएशियातच, झादार आणि झाग्रेब या क्लबांकडून खेळण्यात गेली. २९ मार्च २००८ रोजी झादारच्या स्तानोवी मैदानावर त्याच्या संघाचा क्रोएशियाच्या प्रथम श्रेणी लीगमधील सामना विन्कोव्त्सीच्या त्सिबालिया संघाशी होता. बाहेर जाणारा चेंडू गाठण्यासाठी तो बाजूच्या रेषेकडे धावला आणि धावण्याच्या भरात रेषेपलीकडे जाऊन त्याचे डोके काँक्रीटच्या भिंतीवर आपटले. ही भिंत रेषेपासून सुमारे तीन मीटरवर होती. त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्याला कोमात ठेवण्यात आले आणि ३ एप्रिल रोजी त्याचा मृत्यू झाला. तो चोवीस वर्षांचा होता.

म्हणजे मजकुरातले ‘मैदानातच, मित्राच्या मांडीवर प्राण सोडले’ हे वाक्य सरळ खोटे आहे. अपघात आणि मृत्यू यांच्यामध्ये पाच दिवस गेले, त्या दिवसांत डॉक्टरांनी झुंज दिली आणि एका कुटुंबाने वाट पाहिली. ते सारे पुसून टाकायचे आणि त्या जागी चित्रपटात शोभेल असे दृश्य बसवायचे, याला मृताचा आदर म्हणता येत नाही.

आता मुख्य आरोपाकडे येते, कारण या मजकुरातले सर्वांत घातक वाक्य तेच आहे. चुस्तिच ज्या चेंडूमागे धावला तो सुबाशिचकडून आला होता, असे वृत्तांत सांगतात आणि तेवढा भाग मी नाकारत नाही. पण त्या एका खऱ्या तपशिलाच्या आधारावर ‘त्याच्या पासमुळे मित्र मेला’ असे म्हणणे हा कार्यकारणाचा उघड गोंधळ आहे. गोलरक्षक कारकिर्दीत हजारो वेळा सहकाऱ्याकडे चेंडू पाठवतो. त्यातले कितीतरी चेंडू रेषेकडे जातात, काही रेषेबाहेरही जातात, आणि फुटबॉलच्या नियमांत त्याचा सर्वांत वाईट परिणाम काय होतो, तर प्रतिस्पर्ध्याला थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू हाताने आत टाकण्याची संधी, मिळते. रेषेकडे जाणाऱ्या चेंडूमागे जीव तोडून धावणे ही मध्यरक्षकाची चूक नाही, त्याचे काम आहे. त्या दिवशी सुबाशिच आणि चुस्तिच या दोघांनीही आपापले काम केले. फुटबॉलशी काडीचाही संबंध नसलेली गोष्ट तेथे एकच होती, ती म्हणजे ती भिंत.

हे पडताळून पाहणे अवघड नाही. पास तोच ठेवा आणि भिंत काढून टाका, तर चुस्तिच फार तर गवतावर घसरला असता, उठला असता आणि खेळ पुढे सुरू झाला असता. उलट तो पास काढून टाका आणि भिंत तशीच ठेवा, तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या तरी पासमागे दुसरा कुणीतरी खेळाडू त्याच भिंतीच्या दिशेने धावला असता. अशा वेळी मृत्यूचे कारण म्हणून कशाकडे बोट दाखवायचे, याविषयी शंका उरू नये.

फिफाच्या मैदानांविषयीच्या तांत्रिक शिफारशींत यासंबंधी स्पष्ट आकडे आहेत आणि माझ्या मते या एका संदर्भावरच हा वाद मिटतो. मोठ्या स्पर्धांसाठी खेळाचे मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असावे आणि भोवतालच्या मोकळ्या सपाट जागेसह एकूण क्षेत्र १२५ मीटर बाय ८५ मीटर असावे, असे त्या शिफारशी सांगतात. वजाबाकी केली तर दोन्ही बाजूंच्या रेषांबाहेर प्रत्येकी साडेआठ मीटर आणि गोलरेषांमागे प्रत्येकी दहा मीटर जागा उरते. स्तानोवीवर होती सुमारे तीन मीटर. पूर्ण वेगात धावणारा व्यावसायिक खेळाडू सेकंदाला सात ते आठ मीटर कापतो, म्हणजे हे तीन मीटरचे अंतर तो अर्ध्या सेकंदाच्या आत पार करतो. त्याची नजर चेंडूवर असते आणि शरीर पुढे झुकलेले असते. अर्ध्या सेकंदात वेग आवरणे, वळणे किंवा हात पुढे करून डोके वाचवणे फारच अवघड असते. साडेआठ मीटर मिळाले, तर वेग कमी करायला निदान एक सेकंद हाताशी राहतो.

या शिफारशी विश्वचषकाच्या दर्जाच्या मैदानांसाठी आहेत आणि छोट्या शहरांतल्या जुन्या मैदानांना त्या जशाच्या तशा लागू होत नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो बरोबर आहे. युरोपातील असंख्य जुनी मैदाने वस्तीच्या दाटीत बांधली गेली आणि तेथे साडेआठ मीटर मोकळी जागा निघणार नाही. परंतु जागा नसेल तर भिंतीला जाड गादीचे आवरण घालता येते, भिंत मागे घेता येते किंवा तिच्या जागी आघात शोषणारा कठडा बसवता येतो. हे उपाय खर्चाचे आहेत, अशक्य नाहीत. ‘ती भिंत वर्षानुवर्षे तेथे होती आणि कुणाला काही झाले नव्हते’ या युक्तिवादाला तर मुळीच अर्थ नाही, कारण प्रत्येक धोकादायक वस्तूविषयी पहिल्या अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत असेच म्हणता येते.

हा प्रकार एका देशापुरता किंवा एका दशकापुरता नाही, हे दाखवायला दूर जावे लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडमधील कनिष्ठ श्रेणीच्या एका सामन्यात चिचेस्टर सिटी संघाचा बिली व्हिगर बाहेर जाणारा चेंडू वाचवताना मैदानालगतच्या काँक्रीटच्या भिंतीवर आदळला. लंडनच्या आर्सेनल क्लबच्या अकादमीत घडलेल्या या एकवीस वर्षांच्या खेळाडूलाही कोमात ठेवले गेले, त्याच्यावरही शस्त्रक्रिया झाली आणि अपघातानंतर पाच दिवसांनी त्याचाही मृत्यू झाला. चुस्तिचनंतर सतरा वर्षांनी, दुसऱ्या देशात, जवळजवळ त्याच क्रमाने सारे घडले. तेथे तो चेंडू कुणी पाठवला होता, हे विचारण्याऐवजी लोकांनी मैदानांभोवतीच्या भिंती हटवण्याची मागणी केली. योग्य प्रश्न तोच आहे. मैत्री, नियती आणि अपराधभाव यांच्या गोष्टीत रमलेला वाचक नेमका तोच प्रश्न विचारायचा विसरतो, आणि म्हणूनच मी या मजकुराला केवळ चुकीचा न म्हणता घातक म्हणते.

मजकुरातले ‘सुबाशिचने स्वतः अपराध कबूल केला’ हे वाक्य आणखी एक पाऊल पुढे जाते. २०१८ च्या विश्वचषकादरम्यान एका पत्रकार परिषदेत चुस्तिचचा विषय निघाल्यावर सुबाशिचला रडू आवरले नाही, हे जगाने पाहिले. मित्राच्या आठवणीने दहा वर्षांनंतरही डोळ्यांत पाणी येणे हा शोक आहे. शोकाला कबुलीजबाब ठरवणे क्रूरपणाचे आहे, आणि जो माणूस त्यावर उत्तर द्यायला आपल्या गटावर कधीच येणार नाही, त्याच्याबाबतीत तर अधिकच. त्याला मनात काय वाटते ते त्याचे त्यालाच ठाऊक. समजा त्याच्या मनात अपराधाची सल असेलही, तरी जवळचे माणूस गमावलेल्या कुणालाही ‘मी त्या वेळी तसे केले नसते तर’ असे वाटते. आपण त्याला ‘नाही, तुझा दोष नव्हता’ असे सांगतो. हा मजकूर लाखो लोकांसमोर त्याला नेमके उलट सांगतो.

‘मॉड्रिचपेक्षा मोठा झाला असता’ या दाव्याबद्दल थोडक्यात. चुस्तिच गुणी खेळाडू होता, त्याच्या शहराला त्याच्याकडून आशा होत्या आणि चोविसाव्या वर्षी मध्यरक्षकाची सर्वोत्तम वर्षे पुढेच असतात, इतके निश्चित. पण लुका मॉड्रिच हा त्याच झादारच्या परिसरातला, त्याच्यापेक्षा वयाने लहान खेळाडू २००६ पासूनच क्रोएशियाच्या मुख्य संघात होता आणि २००८ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या टॉटेनहॅम क्लबकडे गेला; चुस्तिचला मुख्य राष्ट्रीय संघाकडून खेळण्याची संधी तोवर मिळाली नव्हती. त्याच्या मृत्यूची हळहळ वाटण्यासाठी तो महान ठरण्याची गरज नाही. देशाच्या पहिल्या श्रेणीत आपल्या गावच्या संघाकडून खेळणारा मेहनती तरुण होता, एवढी ओळख त्याला पुरेशी सन्मानाची आहे.

फिफाच्या ‘जबर दंडा’ची गोष्टही अशीच फुगवलेली आहे. सुबाशिच जर्सीच्या आत चुस्तिचचे छायाचित्र असलेला शर्ट घालत असे आणि १ जुलै २०१८ रोजी डेन्मार्कविरुद्धच्या विजयानंतर त्याने तो सर्वांना दाखवला. आतल्या कपड्यांवरील वैयक्तिक संदेश किंवा चित्रे दाखवण्यास खेळाचे नियम मनाई करतात, म्हणून फिफाने त्याला ताकीद दिली. मलाही ती ताकीद कोरडी वाटली, पण ती ताकीद होती, दंड नव्हता.

राहिला आत्म्याचा भाग. डेन्मार्कविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये (बरोबरीनंतर निकालासाठी दोन्ही संघ आळीपाळीने गोलवर फटके मारतात त्यात) सुबाशिचने तीन फटके अडवले, आणि विश्वचषकात असा पराक्रम त्यापूर्वी २००६ मध्ये पोर्तुगालच्या रिकार्दोने केला होता. पुढच्या फेरीत रशियाविरुद्ध मांडीचा स्नायू दुखावलेला असतानाही तो जादा वेळेत मैदानावर राहिला आणि शूटआउटमध्ये रशियाच्या स्मोलोव्हची पेनल्टी त्याने अडवली. हे श्रेय वर्षानुवर्षे सराव केलेल्या, वेदना सहन करून उभ्या राहिलेल्या एका गोलरक्षकाचे आहे. मित्राच्या स्मृतीने त्याला बळ दिले असे म्हणायला माझी हरकत नाही. पण त्याने अपराधाचे प्रायश्चित्त घेतले असे म्हणायला आहे, कारण अपराधच घडलेला नव्हता.

भाच्याला मी फोनवर एवढेच सांगितले की चेंडू लांब टाकणे तुझे काम आहे आणि ते तू बिनधास्त कर. त्याच्या गटातल्या मोठ्यांना, आणि हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला, माझी विनंती आहे की तो पाठवायचाच असेल तर त्यातले पासचे वाक्य काढून टाकावे आणि त्या जागी तारीख, मैदानाचे नाव, रेषेपासून तीन मीटरवरची भिंत आणि साडेआठ मीटरची शिफारस लिहावी; आणि आपली मुले ज्या मैदानावर खेळतात तेथे रेषेपासून कठडा, खांब किंवा पायऱ्या किती अंतरावर आहेत, ते येत्या रविवारी टेप घेऊन मोजावे.