खिडकीवरचा कर खरा, पुढची गोष्ट रचलेली

इंग्लंडमधल्या बाथ शहराचा म्हणून एक फोटो पुन्हा फिरतोय. खाली झगमगीत दुकानं, वर जुनं दगडी घर, त्यातल्या काही खिडक्या चिऱ्यांनी बंद. सोबतच्या मजकुराचा सारांश असा: इंग्रजांनी उजेडावरही कर लावला, लोकांनी खिडक्या बुजवल्या, त्यावरून ‘डेलाइट रॉबरी’ (दिवसाढवळ्या लूट) हा शब्दप्रयोग आला आणि शेवटी श्रीमंतांनाही कर झेपेना म्हणून घरांची दुकानं झाली.

कर होता, यात वाद नाही. १६९६ ते १८५१ अशी दीडशेहून जास्त वर्षं खिडक्या मोजून तो वसूल केला जाई. काहींनी खरोखरच खिडक्या बुजवल्या. पण बंद दिसणारी प्रत्येक खिडकी कधीकाळी उघडी होती, हे कोणी सांगितलं?

जॉर्जियन काळातल्या (साधारण १७१४ ते १८३०) बांधणाऱ्यांना दर्शनी भाग डावी-उजवीकडे अगदी सारखा लागे. खिडक्यांच्या उभ्या ओळी सरळ हव्यात म्हणजे हव्यातच, मग आत काही का असेना! पुष्कळदा आत नेमकं धुराडं असे, नाहीतर दोन खोल्यांमधली भिंत येऊन टेकलेली असे. अशा जागी ते खिडकीच्या मापाचा उथळ कोनाडा ठेवत. भोवतीची नक्षी शेजारच्या खिडकीसारखीच, फक्त काच कधीच नव्हती. ओळखायचं कसं? मान वर करून छप्पर बघा. बंद ओळीच्या बरोबर वर धुराड्याचं तोंड असेल तर संशयाला भरपूर जागा आहे. एकाच ओळीतल्या सगळ्या मजल्यांच्या खिडक्या बंद असतील, तर ती बहुधा नकाशातच तशी होती. याउलट भरलेल्या चिऱ्यांचे थर आजूबाजूच्या थरांशी जुळत नसतील, दगडाचा रंग वेगळा असेल, तर ते मागाहूनचं काम. अर्थात तेही कर चुकवण्यासाठीच केलं असेल असं नाही. आत कपाट हवं असेल, जिना हलवला असेल.

‘डेलाइट रॉबरी’चं फार मनावर घेऊ नका. अवाच्या सवा किंमत या अर्थाने तो छापील मजकुरात सापडतो तो विसाव्या शतकात, म्हणजे कर जाऊन अर्धशतक उलटल्यावर.

दुकानांची गोष्ट तर उलटीच आहे. बाथमधली मिल्सम स्ट्रीट १७६०च्या दशकात उभी राहू लागली. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी हंगामात येणारे पाहुणे तिथल्या घरांत भाड्याने उतरत. गिऱ्हाईक दारातच, मग तळमजल्यावर दुकान येणारच की! जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त एक जनरल याच रस्त्यावर मुक्कामाला आहे आणि इथल्याच एका दुकानाच्या खिडकीत लाल फितींची टोपी एका मुलीच्या डोळ्यांत भरते. कादंबरी छापली गेली १८१७च्या अखेरीस. कर रद्द व्हायला तेव्हा तेहेतीस वर्षं बाकी होती.

श्रीमंतांना कर झेपेना हेही पटण्यासारखं नाही. भरपूर खिडक्या हा त्यांच्या मिरवण्याचा भाग होता. खरा फटका बसला तो शहरांतल्या चाळवजा घरांतल्या गरिबांना. तिथे अख्खी इमारत एकच घर म्हणून मोजली जाई, कर मालक भरे आणि खिडक्या तोच बुजवे. अंधारात राहायचं मात्र भाडेकरूंनी.

फोटोत कराची खूण शोधायचीच असेल तर खाली, दुकानाच्या काचेकडे बघा. काचेवर वजनाप्रमाणे वेगळा कर होता. तो १८४५मध्ये उठला, काच स्वस्त झाली आणि छोट्या तावदानांच्या जागी या असल्या मोठाल्या अखंड काचा बसू लागल्या.