सोयीचे शतक कसे निवडावे

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातला वाद जिंकण्याची आपली इच्छा असेल, तर चर्चचा इतिहास वाचत बसण्याची घाई करू नये. वाचनाने माणूस घोटाळ्यात पडतो आणि घोटाळ्यात पडलेला माणूस ‘तसे म्हणता येईल, पण...’ अशी वाक्ये बोलू लागतो. असल्या वाक्यांनी आजवर कोणी वाद जिंकल्याचे ऐकिवात नाही. आधी निष्कर्ष ठरवावा आणि मग त्याला पुरेल एवढेच शतक निवडावे. वडिलोपार्जित जमिनीच्या खटल्यात प्रत्येक भाऊ ज्या निर्मळ मनाने आपल्या सोयीच्या सालचा सातबारा काढून आणतो, त्याच मनाने हे करता येते.

आपण प्रॉटेस्टंट असाल तर काम हलके आहे. शेवटचा प्रेषित वारला त्या दिवशी इतिहास थांबवावा आणि 31 ऑक्टोबर 1517 रोजी, मार्टिन ल्यूथर यांनी रोमला जाहीर आव्हान दिले त्या दिवशी, विटेनबर्गमध्ये तो पुन्हा सुरू करावा. मधली चौदाशे वर्षे अंधाराची होती, एवढे सांगितले की पुरते. नव्या करारात कोणती सत्तावीस पुस्तके धरायची, हे ज्या चौथ्या शतकात स्थिरावत गेले, तेही याच अंधारात मोडते. पण तो विषय समोरच्याने काढल्याशिवाय आपण काढू नये.

आपण कॅथलिक असाल तर मात्र सलग दोन हजार वर्षे सांभाळावी लागतात आणि तिथे कसब लागते. खरी अडचण 1378 ते 1417 या काळाची आहे. तेव्हा रोममध्ये एक पोप होते, आव्हिन्याँमध्ये दुसरे होते, आणि हा तंटा मिटावा म्हणून 1409 साली पिसा येथे भरलेल्या परिषदेने तिसरे निवडले. आधीच्या दोघांपैकी कोणीच हटले नाही, त्यामुळे पोप दोनाचे तीन झाले. अखेर कॉन्स्टन्सच्या परिषदेने 6 एप्रिल 1415 रोजी ठराव केला की परिषदेचा अधिकार थेट ख्रिस्ताकडून येतो आणि श्रद्धेच्या व फाटाफूट मिटवण्याच्या बाबतीत पोपनेही तिचे ऐकले पाहिजे. याच परिषदेच्या व्यवस्थेतून 11 नोव्हेंबर 1417 रोजी मार्टिन पाचवे निवडले गेले आणि त्यांच्यापासून आजवरची मालिका चालत आली. पुढे 18 जुलै 1870 रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की पोपने आपल्या सर्वोच्च अधिकाराने केलेली श्रद्धाविषयक व्याख्या स्वतःच अंतिम असते, चर्चच्या संमतीमुळे ती तशी ठरत नाही. हे दोन्ही कागद एकाच वेळी टेबलावर ठेवू नयेत.

कोणी ठेवलेच, तर उत्तर तयार आहे. रोमचे ग्रेगरी बारावे हेच खरे पोप होते. त्यांनी 4 जुलै 1415 रोजी प्रतिनिधीमार्फत परिषद रीतसर बोलावली आणि मगच पद सोडले. तेव्हा परिषद अधिकृत झाली ती त्या दिवसापासून, आणि एप्रिलचा ठराव त्याआधीचा म्हणून बाद. उत्तर बिनतोड आहे. मात्र ते देऊन होताच विषय बदलावा, कारण बोहेमियातले सुधारक यान हुस यांना याच परिषदेने पाखंडी ठरवले आणि त्यांना जाळण्यात आले ते 6 जुलैला, म्हणजे परिषद अधिकृत झाल्याच्या तिसऱ्याच दिवशी. पोपांच्या क्रमांकांचा हिशेब कोणी विचारू लागला, तर त्याची श्रद्धा कमी पडते असे सांगावे. पिसाच्या मालिकेतले अलेक्झांडर पाचवे आज खरे पोप मानले जात नाहीत, तरी 1492 साली आलेले बोर्जिया घराण्यातले अलेक्झांडर सहावे ते सहावेच राहिले. त्याच मालिकेतल्या जॉन तेविसाव्यांचा क्रमांक मात्र 1958 साली रिकामा समजून नव्या पोपना पुन्हा वापरता आला.

प्राचीन चर्चपितरांपैकी (सुरुवातीच्या शतकांतल्या मान्यवर ख्रिस्ती लेखकांपैकी) कार्थेजचे बिशप सिप्रियन यांची शिफारस मी दोन्ही पक्षांना करतो. तिसऱ्या शतकातील या माणसाने चर्चच्या ऐक्यावर लिहिले आणि त्यातला चौथा अध्याय दोन रूपांत मिळतो. एकात पेत्राच्या, म्हणजे पोप ज्याचे वारस म्हणवतात त्या प्रेषिताच्या, आसनावर भर आहे, दुसऱ्यात तो बराच ओसरलेला आहे. वाद घालणाऱ्यांची इतकी सोय देवाने क्वचितच केली असेल. कॅथलिकांनी पहिला पाठ उचलावा, प्रॉटेस्टंटांनी दुसरा उचलावा आणि वर सिप्रियन यांनी रोमचे बिशप स्टीफन यांना कसा विरोध केला तेही सांगावे. भांडण कशावरून होते, हे मात्र दोघांनीही सांगू नये. फुटून गेलेल्यांनी दिलेला बाप्तिस्मा सिप्रियन यांना मुळीच मान्य नव्हता. स्टीफन यांना तो चालत होता, आणि पुढे पश्चिमेकडच्या चर्चमध्ये स्टीफन यांचेच मत टिकले. प्रॉटेस्टंट माणसाचा बाप्तिस्मा आज रोम खरा धरते ते त्याच मताच्या जोरावर. म्हणजे रोमला नमवण्यासाठी प्रॉटेस्टंट ज्याला साक्षीला उभे करतो, त्याचे म्हणणे रोमने ऐकले असते तर साक्षीला बोलावणाऱ्याचाच बाप्तिस्मा रद्द झाला असता. आणि रोमच्या अधिकारासाठी कॅथलिक ज्याचा दाखला देतो, तो रोमच्या बिशपाचे न ऐकताच संत झाला आणि त्याचे नाव मिस्सामधल्या (कॅथलिक उपासनेतल्या) प्राचीन प्रार्थनेत जाऊन बसले.

कॅथलिकांनी एक आकडा पाठ करून ठेवावा: प्रॉटेस्टंटांचे 33,000 पंथ. हा आकडा 2001 सालच्या एका ख्रिस्ती विश्वकोशातला आहे, तो सगळ्या ख्रिस्ती पंथांचा आहे, आणि एकच चर्च दहा देशांत असेल तर ते दहा वेळा मोजून काढलेला आहे, त्यामुळे त्या हिशेबाने खुद्द कॅथलिक चर्चचेही दोनशेहून अधिक तुकडे पडतात. आकडा मोठा आहे, एवढेच आपल्याला हवे असते. प्रॉटेस्टंटांनी यावर शास्त्र, म्हणजे बायबल, स्वयंस्पष्ट असल्याचे सांगावे आणि 1529 सालच्या मारबुर्गच्या बैठकीचा उल्लेख टाळावा. तिथे ल्यूथर आणि झुरिकचे सुधारक झ्विंग्ली यांचे पंधरापैकी चौदा कलमांवर जुळले. पंधराव्यात, प्रभुभोजनातल्या भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते का, हा प्रश्न आला तेव्हा ल्यूथर यांनी मेजावर खडूने लिहून ठेवलेल्या ख्रिस्ताच्या चार स्वयंस्पष्ट लॅटिन शब्दांकडे (‘हे माझे शरीर आहे’) बोट दाखवले आणि तिथून ते हलेनात.

पापांच्या बाबतीत नियम सोपा आहे. त्यांचे पाप हे त्यांचा स्वभाव, आपले पाप ही त्या काळाची रीत. धर्मोपदेशक टेट्झेल यांनी केलेली पापदंडमाफीची (पापाच्या शिक्षेतून सुटकेची) विक्री म्हणजे अख्खा कॅथलिक पंथ. प्रौढांचाच बाप्तिस्मा खरा मानणाऱ्या फेलिक्स मान्झ यांना सुधारणावादी झुरिकने 1527 साली लिमाट नदीत बुडवले, तो मात्र दुर्दैवी अपवाद. पक्ष बदलला की वाक्ये तीच ठेवून नावे तेवढी बदलावीत.

ऐक्याचा विषय मुंबईत निघाला, तर दोन्हीकडच्यांनी जपून बोलावे. पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो (चर्चच्या नेमणुका करण्याचा) हक्क सांगणारे गोव्याचे आर्चबिशप आणि रोमच्या प्रोपागांडा (धर्मप्रसार) खात्याने नेमलेले व्हिकर अपॉस्टॉलिक, म्हणजे पोपचे प्रतिनिधी, यांच्यात मुंबईतली चर्चेस कोणाची, हा तंटा इतका लांबला की 1794 साली त्यांची दोन-दोन अशी वाटणी झाली. ती केली ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने. एका मेंढपाळाखालच्या एका कळपाची हद्द प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यांनी आखून दिली, हे सांगताना प्रॉटेस्टंट मित्राचा चेहरा उजळेल. त्याने 1843 सालाबद्दल मौन पाळावे म्हणजे झाले. त्या वर्षी, जमीनदाराने सुचवलेला पाळक मंडळीने मुकाट स्वीकारायचा का, या प्रश्नावर स्कॉटलंडचे चर्च फुटले. आणि तिथल्या जमीनदारांशी काडीचाही संबंध नसलेल्या मुंबईत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांना, फुटून निघालेल्यांची बाजू घेतल्यामुळे, आपल्या शाळेची इमारत सोडून नव्याने मांडामांड करावी लागली. मुंबईतली दुहेरी हुकमत 1928 साली संपली (तीही आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असेल या अटीवर), आणि स्कॉटलंडमधली मुख्य फूट 1929 साली सांधली गेली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चेस एक होऊन उत्तर भारताचे चर्च झाले. दक्षिण आशियाचे मेथडिस्ट चर्च त्याआधी ऐनवेळी बाहेर पडले. ऐक्यावर भाषण करणाऱ्याने यातले कोणते साल सांगायचे, हे श्रोते पाहून ठरवावे.

पंडिता रमाबाईंचे नाव मात्र कोणीच घेऊ नये. 1883 साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन भगिनींच्या सान्निध्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मग चर्चच्या अधिकाराविषयी त्याच भगिनींना पत्रांमागून पत्रे लिहून कळवले की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून प्रयासाने सुटलेली मी दुसरे जोखड मानेवर घेणार नाही. अशी साक्षीदार कोणत्याच वकिलाला परवडत नाही.

एवढे करूनही समोरचा 31 ऑक्टोबर 1999 चा दाखला देण्याची शक्यता उरते. त्या दिवशी ऑग्सबर्ग येथे रोमच्या आणि ल्यूथरन जागतिक महासंघाच्या प्रतिनिधींनी, मनुष्य देवापुढे नीतिमान कसा ठरतो या मूळ भांडणातल्या मुख्य सत्यांवर आपले एकमत असल्याच्या घोषणेवर सह्या केल्या. पुढे 2006 साली मेथडिस्ट आणि 2017 साली रिफॉर्म्ड (झ्विंग्ली आणि कॅल्व्हिन यांच्या परंपरेतली) चर्चेसही त्यात आली. डगमगू नये. आपण पोपचा शब्द शिरोधार्य मानणारे कॅथलिक असाल, तर पोपच्या प्रतिनिधींची ही सही कोणावर बंधनकारक आहे आणि कोणावर नाही, हे आपणच ठरवावे. आपण शास्त्राखेरीज काहीही प्रमाण न मानणारे प्रॉटेस्टंट असाल, तर ही घोषणा सोळाव्या शतकातील आपल्या पूर्वजांच्या मताविरुद्ध जाते, म्हणून ती फेटाळावी. आणि यातले काहीच न सुचल्यास तारखेवर हरकत घ्यावी: ल्यूथरचा दिवस रोमला का दिला, किंवा रोमने तो का घेतला. या हरकतीसाठी घोषणा उघडून पाहण्याचीही गरज पडत नाही.