विड्या वळणाऱ्या बायकांच्या खांद्यांबद्दल

निपाणीत दुपारी कुठल्याही गल्लीत शिरा, उंबऱ्याशी उजेडाला सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायका दिसतात. हात इतके चपळ चालतात की बघणाऱ्याचं सगळं लक्ष बोटांवर जातं. खांद्यांकडे कोणी बघत नाही. बोटं पळत असतात आणि खांदे मात्र तासन्‌तास जागचे हललेले नसतात. संध्याकाळी मान वळत नाही, रात्री कुशीवर निजता येत नाही. मग घरातल्या पोरीला हाक जाते, "ये गं, जरा खांदं दाब की."

माझी आई विड्या वळते, मी शिवणकाम करते. दोघींची मान दिवसभर खालीच. म्हणून हे पोटतिडकीने लिहितेय. दाबून घेणं, बाम, शेक यांना माझा विरोध नाही. पण आपण तिथेच थांबतो, आणि म्हणून हे दुखणं वर्षानुवर्षं घरात मुक्कामाला राहतं. खांद्याला आरामाइतकीच ताकदही लागते, हे बायकांना कोणी सांगतच नाही. "वय झालं", "थंडीनं धरलंय", "वात आहे" एवढ्यावर विषय मिटवतात.

मानेच्या मागून कवटीच्या तळापासून निघून दोन्ही खांद्यांवर पसरणारा आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत जाणारा एक मोठा स्नायू आहे, ट्रॅपिझियस. मान पुढे झुकली की डोकं पडू नये म्हणून त्याला आणि त्याच्या सोबत्यांना सतत ताणून धरावं लागतं. डोक्याचं वजन साधारण ४ ते ५ किलो. ओझं फार नाही, पण स्नायू न सोडता आवळलेला राहिला की त्यातून रक्त मोकळेपणी फिरत नाही. हालचालीत स्नायू आवळतो, सुटतो, त्याला श्वास मिळतो. एका जागी धरून ठेवण्यात तो मिळत नाही. हलकं काम असूनही एवढं का दुखतं, याचं एक स्पष्टीकरण स्वीडनमधल्या एका संशोधकाने १९९१ मध्ये मांडलं. हलक्या कामात स्नायूतले ठरावीक बारीक तंतूच कामाला लागतात. काम सुरू झालं की तेच आधी जागे होतात आणि काम पूर्ण थांबेपर्यंत त्यांना सुट्टी नसते. त्याने त्यांना परीकथेतल्या, घरभर राबणाऱ्या सिंड्रेलाचं नाव दिलं. आपल्या घरात सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांच्या नंतर पाठ टेकणारी बाई असते, तेच या तंतूंचं.

म्हणून पहिला उपाय म्हणजे मध्ये मध्ये सोडणं. मला माहीत आहे, मजुरी हजार विड्यांवर मिळते, उठून बसायला वेळ कुणाला आहे? उठू नका. एक बंडल बांधून झालं की सूप मांडीवरच ठेवून दोन्ही खांदे कानांपर्यंत उचला, पाचपर्यंत मोजा आणि एकदम खाली सोडा. असं तीनदा. मग कोपरं मागे नेऊन पाठीवरची खांद्याची पाती एकमेकांकडे ओढा. अर्धा मिनिटही जात नाही. भिंतीला पाठ टेकून पाटावर बसा, सुपाखाली उशी घ्या, म्हणजे काम डोळ्यांकडे येईल, मानेला कामाकडे जावं लागणार नाही. शिलाई मशीनवर बसणाऱ्यांनी स्टूल उंच करावं, मी केलंय.

शेक जरूर घ्या. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम केली तरी चालते, आधी मनगटाला लावून बघायची. मात्र बाम चोळून त्यावर शेक घेऊ नका, कातडी भाजते. साखर असलेल्यांना कधीकधी चटका कळत नाही, त्यांनी फार जपावं. बामने थंड वाटतं ते मेन्थॉलमुळे, ते कातडीला गार असल्याचं भासवतं. बरं वाटतं, यात खोटं काही नाही, पण आखडलेला स्नायू त्याने बळकट होत नाही.

दाबायला माणूस नसेल तर पोरांचा टेनिसचा चेंडू मोज्यात घाला, भिंत आणि पाठ यांच्यात धरा आणि दुखऱ्या गाठीवर अर्धा मिनिट हलकं वजन टाका. मणक्याच्या हाडावर नाही, मानेच्या पुढच्या बाजूला तर मुळीच नाही. आणि कटिंग झाल्यावर मान कटकन मोडून घेणाऱ्या पुरुषमंडळींनीही ऐकावं: मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधूनच वर जातात. त्या झटक्याने धमनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. कुणालाही मान पिळू देऊ नका.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ ऑफिस कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला, २०११ मध्ये तो छापून आला. एका गटाने रबरी ट्यूब ओढण्याचा व्यायाम रोज फक्त २ मिनिटं केला, दुसऱ्याने १२ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, १० आठवडे. दोन्ही गटांचं दुखणं व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी झालं. दोन मिनिटंवाल्यांचंसुद्धा! ते खुर्चीवर बसणारे होते, आपण जमिनीवर बसतो, पण स्नायू तोच.

ट्यूब विकत घ्यायची गरज नाही. सायकलच्या दुकानात पंक्चरची जुनी ट्यूब मिळते, ती कापून लांब पट्टी करा. मध्यावर दोन्ही पाय ठेवून उभं राहा, टोकं हातात धरा आणि दोन्ही हात बाजूंनी, किंचित पुढे ठेवून, खांद्याच्या उंचीपर्यंत न्या. त्याच्या वर नको. सावकाश खाली. ट्यूब जड वाटली तर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या. सुरुवातीचे एक-दोन दिवस अंग ठणकेल, तो नव्या कामाचा ठणका, तो जातो. हात उचलताना खांद्यात कळ मारली तर मात्र थांबायचं.

काही दुखणी घरची नाहीत. माझ्याकडे मागच्या हुकांचा ब्लाउज उसवून पुढे हूक लावून मागणाऱ्या बायका येतात, कारण हात मागे जात नाही. हे नुसतं आखडणं नव्हे. चाळिशी-पन्नाशीत, विशेषतः साखर असेल तर, फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधाच जखडणं, असू शकतो, तो दाखवायलाच हवा. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, पडल्यावर दुखायला लागलं असेल तरीही डॉक्टरकडे जा. आणि खांद्यासोबत छातीत दाब, घाम, दम, जबड्यात कळ असेल तर बाम शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा. बायकांच्या हृदयविकारात छातीपेक्षा खांदा-पाठ-जबडाच जास्त बोलतो, असंही होतं.

१९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेलं हे गाव आहे. पिकवणाऱ्याची बाजू इथे मांडली गेली, वळणारीच्या खांद्याची नाही. विडी कामगारांसाठी केंद्र सरकारचे दवाखाने आहेत. तिथे आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपीचा ठेवावा, मराठीत आणि कन्नडमध्ये समजावून सांगणारी एखादी बाई नेमावी, एवढी मागणी आपण सगळ्यांनी मिळून करूया. ज्यांच्याकडे विडी कामगाराचं कार्ड आहे त्यांनी अर्जावर सही करायला यावं. अर्ज मी लिहितेय, कन्नडमध्ये करून देणारं कुणी असेल तर खाली सांगा.