‘डायपोलला अर्थिंग लागत नाही’: एका हरकतीला उत्तर

नमस्कार काका (वय आणि इलेक्ट्रिकल कंत्राटदारीतला अनुभव तुम्हीच लिहिलात, म्हणून काका म्हणतो),

प्रतिक्रिया चिडून लिहिली आहे, पण त्यात मुद्दे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. इतर वाचकांसाठी थोडक्यात: हौशी रेडिओच्या 40 मीटर बँडवरच्या (7 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) घरगुती डायपोलबद्दल, म्हणजे मध्यावर केबल जोडलेल्या दोन हातांच्या तारेच्या अँटेनाबद्दल, लिहिताना मी म्हटलं होतं की ही अँटेना चालायला अर्थिंग लागत नाही. काकांच्या मते हे बेजबाबदार आहे, नवखी पोरं वाचून जिवाला मुकतील. त्यांनी स्वतः रेडिओसाठी कोळसा-मिठाचा वेगळा खड्डा घेतला, तोही घराच्या अर्थपासून मुद्दाम लांब, आणि खरखर बरीच कमी झाली. शिवाय अँटेनापासून रेडिओपर्यंत टीव्हीची केबल वापरणं म्हणजे जुगाड आहे, आणि माझ्या सूत्राने कापलेली तार त्यांच्याकडे 7.1 ऐवजी 6.8 मेगाहर्ट्झला जुळते.

अर्थिंगचं ते वाक्य मी तसंच ठेवणार आहे. डायपोलला दोन हात असतात. एका हातात प्रवाह जातो तेव्हा दुसऱ्या हातातून तो परत येतो. जमिनीकडे काही मागायची त्याला गरजच पडत नाही. दोन झाडांमध्ये डायपोल टांगून बॅटरीवर बोलणाऱ्या हॅमच्या (हौशी रेडिओवाल्याच्या) रेडिओपासून जमिनीत एकही तार गेलेली नसते आणि तरी तो हजार किलोमीटरवर ऐकू जातो.

रेडिओ म्हटलं की अर्थ हवीच, ही समजूत कुठून आली तेही सांगतो, कारण ती खोटी नव्हती. व्हॉल्व्हच्या रेडिओमागे दोन खाचा असायच्या, एक एरियलची, एक अर्थची. छताखाली तांब्याच्या जाळीची पट्टी ताणायची आणि दुसरी तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळायची. ती एरियल म्हणजे एकच हात होता, दुसऱ्या हाताचं काम जमीन करायची. अर्थ काढली की स्टेशन क्षीण व्हायचं, हे त्या पिढीने कानांनी ऐकलेलं आहे. आजही उभी पाव-तरंगलांबीची अँटेना लावलीत तर तिला खाली रेडियल तारा (बुंध्यापासून चहूकडे पसरलेल्या) लागतातच. पण तुम्ही बांधलाय तो डायपोल, आणि नळाचा पाइप एव्हाना प्लास्टिकचा झालाय.

आता तुमच्या खड्ड्याकडे येतो, कारण मला खरी काळजी तिथली वाटते. खड्डा घेतलात हे उत्तमच. घराच्या अर्थला जोडला नाहीत, हे धोक्याचं आहे. तुम्ही याच धंद्यातले, तेव्हा आकडे तुम्हीच ताडून बघा. घराच्या सॉकेटमधली तिसरी पिन कामाची नाही असं धरू. जुन्या इमारतींत असं सर्रास सापडतं. पॉवर सप्लायमध्ये फेज बॉडीला लागला. आता प्रवाहाला वाट फक्त तुमच्या खड्ड्याची. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात, उन्हाळ्यात माती सुकलेली असताना, खड्डा 20 ओहम दाखवतो तेव्हा लोक नशीब समजतात. 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपियर. 16 अँपियरचा एमसीबी हलणारसुद्धा नाही, आणि रेडिओची बॉडी जिवंत राहील. 30 मिलिअँपियरचा ईएलसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर तो वाचवेल. खड्ड्याच्या भरवशावर मात्र राहू नका.

विजेचं गणित याहून वाईट आहे. कोसळणाऱ्या विजेचा प्रवाह 30 हजार अँपियरच्या घरात असणं अगदी सामान्य. खड्डा 5 ओहमचा, म्हणजे हेवा वाटावा असा आहे असं समजा. वीज अँटेनावर पडली तर त्या क्षणी खड्ड्याच्या टोकाला दीड लाख व्होल्ट चढतात. घराची अर्थ तेव्हा जवळपास शून्यावरच असते. या दोघांमध्ये जोडणारं काय? तुमचा रेडिओ. एका बाजूने त्याला अँटेनाची केबल, दुसऱ्या बाजूने तीन पिनांची वायर. दोन्ही अर्थ जाड जी. आय. पट्टीने घराबाहेरच एकमेकींना जोडल्या की दोन्हींचा दाब एकदमच वर चढतो आणि त्यांच्यात फरक फारसा उरत नाही; संरक्षण मिळतं ते त्यातून. ‘रेडिओची अर्थ वेगळी ठेवावी म्हणजे स्वच्छ राहते’ हा सल्ला हॅम लोकांतही फिरतो. तो देणाऱ्याने पहिल्या वळवाच्या दिवशी त्या रेडिओला टेकून बसून दाखवावं.

आणि पट्टी जोडली म्हणून गडगडाट सुरू असताना बोलत बसायचं, असंही नाही. थेट पडलेल्या विजेपुढे घरगुती बंदोबस्त टिकत नाही. आभाळ भरून यायच्या आधीच केबल काढून खोलीबाहेर ठेवा, पॉवर सप्लायची पिनही काढा. गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावू नका.

राहिली तुमची खरखर. ती कमी झाली हे मला मान्यच आहे, पण त्यामागचं कारण मला वेगळं वाटतं. कोॲक्सच्या, म्हणजे मधल्या तारेभोवती जाळी असलेल्या अँटेनाच्या केबलच्या, जाळीला आतली आणि बाहेरची अशी दोन अंगं असतात. आतून तुमचा सिग्नल जातो. बाहेरून घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांचा कचरा चढतो आणि डायपोलपर्यंत पोहोचतो. केबल न विचारता अँटेनाचा तिसरा हात होऊन बसते. खड्ड्याने त्या कचऱ्याला वाटेत दुसरी वाट दिली, एवढंच. हेच काम डायपोलच्या मध्यावर चोक बालन (जाळीच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारी गुंडाळी) बसवून जास्त चांगलं होतं: फेराइटच्या मोठ्या रिंगमधून आरजी-58 कोॲक्सचे दहा-बारा वेढे घ्यायचे. जमलं तर अशीच एक रिंग केबल खोलीत शिरते तिथेही टाका. नंतर खड्ड्याची तार मिनिटभर काढून ऐका (आभाळ निरभ्र असताना!). फरक पडला नाही तर कारण सापडलं. खरखरीसाठी खड्डा वेगळा ठेवायची मग गरज राहत नाही, घराच्या अर्थला निर्धास्त जोडा.

तुमच्या प्रतिक्रियेखाली एकाने विचारलंय, तिसऱ्या मजल्यावर राहतो, बोलताना माइक ओठाला चटका देतो, खालपर्यंत अर्थची तार सोडू का? चटक्यासाठी नको. तिसऱ्या मजल्यावरून जमीन साधारण 10 मीटर खाली, आणि 7 मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबीही साधारण तेवढीच. अशी तार खाली कितीही उत्तम खड्ड्यात गाडली तरी वरच्या टोकाला रेडिओ-लहरींना ती जवळजवळ तुटलेलीच दिसते, उलट स्वतःच लहरी फेकायला लागते. विचारणाऱ्याची अँटेना एका टोकाने जोडलेली लांब तार, म्हणजे एकच हात, असणार. दुसऱ्या हातासाठी रेडिओच्या, किंवा ट्यूनर (अँटेना जुळवणारी पेटी) असल्यास त्याच्या, अर्थच्या स्क्रूला 10 मीटरची इन्सुलेशनवाली तार जोडून भिंतीच्या कडेने पसरावी आणि तिचं मोकळं टोक कोणाच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं. सुरक्षेची अर्थ तीन पिनांतून यायची ती येऊ द्यावी.

टीव्हीच्या केबलवरून वाद घालण्यात अर्थ नाही. मोकळ्या जागेत डायपोलचा रोध 73 ओहमच्या आसपास असतो, केबल 75 ची, रेडिओ 50 चा. एसडब्ल्यूआर (जुळणीचं माप, 1 म्हणजे अचूक जुळणी) दीडला येतो आणि रेडिओ कुरकुर करत नाही. तिची खरी अडचण वेगळीच आहे, ती तुम्ही लिहिली नाहीत: जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, सोल्डर धरत नाही. क्रिम्पचे कनेक्टर वापरा, सांध्यात पाणी शिरू देऊ नका.

तारेची लांबी. माझं सूत्र 143 भागिले मेगाहर्ट्झ; 143 भागिले 7.1, म्हणजे 20.14 मीटर, हे उघड्या तारेचं आणि मोकळ्या जागेचं माप आहे. तुम्ही दीड स्क्वेअर एमएमची घरगुती वायर वापरली आहे. तिचं प्लास्टिकचं आवरण दोन-तीन टक्के खाली ओढतं. शिवाय टोकं गच्चीच्या कठड्याजवळ बांधलीत, स्लॅबमधल्या सळया आणखी ओढतात. तार नेहमी लांब कापून मग छाटायची ती यासाठीच. 6.8 वरून 7.1 ला यायचं तर एकूण सुमारे 85 सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक हातातून 42 कमी करावे लागतील. कात्री लावू नका, आधी प्रत्येक हाताचे 35 सेंटिमीटर दुमडून तारेवरच पीळ द्या आणि मोजा. टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच ठेवा, कारण बोलताना सगळ्यात जास्त व्होल्टेज तिथेच असतं.